नदी दिसते, पाणी नाही

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर उभं राहिलं की समोरचा उत्तर काठ अगदी हाताच्या अंतरावर वाटतो. पक्ष्यासारखं सरळ उडत जायचं तर जेमतेम १६ किलोमीटर. गाडीने जायचं म्हटलं तर साधारण ३४५! मध्ये आहे फक्त एक दरी. दरीच्या तळाशी कोलोरॅडो नदी, जिच्यावर अमेरिकेच्या नैऋत्येतली कोट्यवधी माणसं जगतात. आणि काठावरचं पठार मात्र कोरडं ठक्क. नदी तिथून दीड किलोमीटर खाली. कड्यावरून ती दिसते, फोटोत येते, पण तिचं एक बादली पाणी वर येत नाही. आपल्याकडे 'धरण उशाला आणि कोरड घशाला' म्हणतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे उशी फारच उंच आहे!

फिनिक्सला ऑनसाइट आलेली आपली बहुतेक मंडळी दक्षिण काठावर जातात, सूर्यास्ताचे फोटो काढतात, आणि रात्री उशिरा परत येऊन सोमवारच्या स्टेटस कॉलला जांभया देतात. मीही दोनदा हेच केलं. तिसऱ्यांदा लाँग वीकेंड आला तेव्हा रूममेट्स वेगसला निघाले होते. माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न अडकून बसला होता: त्या पलीकडच्या पठारावर माणसं जगतात कशी? नकाशात तिथे एकही नदी नाही, तळं नाही. तरी जागोजागी 'रँच' लिहिलंय. म्हणजे गुरं आहेत. गुरं आहेत म्हणजे पाणी आहे. कुठे आहे?

मी माण तालुक्यातला. हा प्रश्न मला पडणारच होता. :)

कॅन्यनच्या उत्तरेला पण ॲरिझोना राज्यातच येणारा जो तुकडा आहे त्याला 'ॲरिझोना स्ट्रिप' म्हणतात. स्ट्रिप म्हणजे पट्टी, पण ही पट्टी २० हजार चौरस किलोमीटरची आहे. आपले जवळजवळ दोन सातारा जिल्हे बसतील. वस्ती मात्र मोजून काही हजार. दरीमुळे ती स्वतःच्याच राज्यापासून तुटलेली. त्यामुळे तिथल्या लोकांचे जुने व्यवहार सगळे उत्तरेकडच्या यूटाशी. फिनिक्सहून निघालं की फ्लॅगस्टाफ, मग मार्बल कॅन्यनचा पूल, मग काइबाब पठाराचा चढ, मग फ्रेडोनिया. साधारण पाच तास. पूल १९२९ सालचा. (आता गाड्या जातात तो शेजारचा, १९९५ चा.) त्याआधी तराफ्याने नदी ओलांडत.

आता गंमत बघा. काइबाब पठार चांगलं अडीच हजार मीटर उंच आहे. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, झाडी दाट आहे. आणि तरी वर वाहता ओढा जवळपास नाहीच! कारण वरचा खडक चुनखडीचा. भेगा, खड्डे, विवरं. बर्फ वितळला की पाणी सरळ खाली झिरपतं आणि थेट कॅन्यनच्या पोटात, काठापासून हजारेक मीटर खाली, 'रोअरिंग स्प्रिंग्स' नावाच्या झऱ्यातून कड्यातून उसळतं. पाऊस पठारावर, पाणी दरीत. दक्षिण काठावरच्या हॉटेलांना आणि पर्यटकांना पाणी द्यायला १९६० च्या दशकाअखेर जी पाइपलाइन टाकली ती याच झऱ्यापासून. म्हणजे दरीच्या एका बाजूचं पाणी दरी ओलांडून दुसऱ्या बाजूला! मी पहिल्या ट्रिपला नळाला बाटली लावून भरलेलं पाणी कुठून आलं होतं ते मला असं नंतर कळलं.

काइबाबच्या पश्चिमेला पठार खाली उतरतं आणि खरा कोरडा मुलूख सुरू होतो. पाऊस वर्षाला अडीचशे-तीनशे मिलिमीटर. त्यातला एक भाग जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्याला तिथेही 'मान्सून'च म्हणतात. (हा शब्द पहिल्यांदा ऑफिसात ऐकला तेव्हा उगाच घर आठवलं.) अशा जागी पाण्याचे प्रकार किती आणि कोणते, याची मी ट्रिपभर एक यादीच करत होतो.

पहिला प्रकार, झरे आणि नुसते ओलसर पाझर. कड्याच्या पायथ्याशी हिरवा ठिपका दिसला की समजायचं.

दुसरा, 'तिनाहा'. उघड्या खडकात पाण्याने कोरलेले खोल खळगे. पाऊस पडून गेला की त्यात पाणी साठतं आणि सावलीत असेल तर बरेच दिवस टिकतं. तिनाहा हा स्पॅनिश शब्द. अर्थ काय, तर मातीचा मोठा रांजण! आपल्याकडे निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे आहेत त्यांना आपण रांजणखळगेच म्हणतो. दोन भाषांना, दोन खंडांवर, खडकातला खळगा बघून एकच भांडं आठवलं. तहानेची डिक्शनरी सगळीकडे सारखी असावी बहुतेक.

तिसरा, मातीचा बांध घालून अडवलेलं तळं. याला तिथे 'टँक' म्हणतात. बघितल्यावर म्हटलं, अरे, हा तर आपला पाझर तलाव! फक्त इथे तो पाझरू नये अशी इच्छा असते.

चौथा प्रकार म्हणजे कॅचमेंट. माझ्यासारख्याला हा सगळ्यात आवडणार हे उघड आहे. उतारावर पत्र्याचं नाहीतर रबरी शीटचं मोठं अंगण करायचं, त्यावर पडलेला पाऊस पाइपने टाकीत घ्यायचा आणि टाकीतून गुरांच्या हौदात सोडायचा. गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. समजा १,००० चौरस मीटरचं अंगण आहे आणि वर्षाला २५० मिलिमीटर पाऊस. थेंबही वाया गेला नाही तर अडीच लाख लिटर. एका गाईला दिवसाला सरासरी ५० लिटर धरा (उन्हाळ्यात जास्तच), म्हणजे वर्षाला १८ हजार लिटरच्या वर. भागाकार करा: १३ गाई. एवढं मोठं काहीतरी मोकळ्या माळावर बांधायचं, त्याची डागडुजी करायची, आणि पिणार किती, तर १३ गाई! त्यातून बाष्पीभवन वजा. पाऊस कमी झाला तर तेही वजा.

आणि पाचवा प्रकार, टँकर. फ्रेडोनियाला पेट्रोल भरताना शेजारी एक पिकअप उभी होती, मागे पांढरी प्लॅस्टिकची टाकी. टोपीवाल्या आजोबांना मी विचारलं, "पाणी कुठे नेताय?" म्हणाले, "गाईंना. तळं आटलंय." मग त्यांनी मला विचारलं की मी कुठला. इंडियातला म्हटल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न केला तो क्रिकेटचा नाही, योगाचा नाही. विचारलं, "तुमच्याकडे पाऊस कसा?" मी म्हटलं, "आमच्या भागात तुमच्यासारखाच." हसले. पाणी वाहून न्यायला लागलं की गाय पाळणं परवडत नाही आणि विकायला काढली तर भाव मिळत नाही, कारण तेव्हा सगळेच विकायला काढतात, असं म्हणाले. हे वाक्य मी म्हसवडच्या बाजारात जसंच्या तसं ऐकलेलं आहे.

आता मूळ मुद्दा. इतक्या तुटपुंज्या पाण्यावर रँच कशी चालते? तर तिथे जमिनीला फारसा अर्थच नाही. गाय पाण्यापासून फार लांब जात नाही. दोन-तीन किलोमीटर चरते आणि परत येते. त्यामुळे हौदाभोवती गवताचा एक नकाशाच तयार होतो. अगदी जवळ नुसती धूळ, थोडं लांब ओरबाडलेलं, आणखी लांब बरं, आणि गाय पोचत नाही तिथे भरपूर गवत, पण उपयोग शून्य. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा लोड एकाच सर्व्हरवर. म्हणून शहाणे रँचर दोन-चार ठिकाणी पाणी करतात आणि आळीपाळीने नळ बंद-चालू ठेवतात. इकडचा हौद बंद केला की कळप आपोआप तिकडे सरकतो. कुंपण नको, गुराखी नको. ज्याच्या हातात नळ त्याच्या हातात कळप. आणि ज्याच्या हातात पाणी त्याच्याकडे भोवतालची सगळी जमीन, मग ती कागदावर कुणाची का असेना.

हे वाक्य नुसतं म्हणायला नाही. त्या मुलखाचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे हे एक वाक्य आहे. तो सगळा एकाच जागी बघायला मिळतो, पाइप स्प्रिंगला. फ्रेडोनियाहून पश्चिमेला २०-२५ मिनिटं.

लाल-शेंदरी कड्याच्या पायथ्याशी एक झरा. उत्तरेकडे पडलेला पाऊस आणि बर्फ वालुकाश्मात मुरतो, खालचा घट्ट थर त्याला आणखी खाली जाऊ देत नाही, आणि खडकातल्या एका मोठ्या भेगेच्या, म्हणजे प्रस्तरभंगाच्या, आधाराने तो इथे बाहेर येतो. शेकडो वर्षं काइबाब पायूट लोक या पाण्यावर राहिले. थोडी शेती, शिकार, आणि मुख्य म्हणजे रानगवताचं बी. गवताचं बी गोळा करून, भाजून, दळून खायचं. तिथल्या गवताची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८६३ मध्ये जेम्स व्हिटमोर नावाच्या माणसाने इथे रँच सुरू केली. १८६६ च्या जानेवारीत जनावरं पळवणाऱ्यांच्या मागे गेला असताना तो आणि त्याचा एक सोबती मारले गेले. सूड म्हणून निघालेल्या मिलिशियाने काही पायूट माणसांना ठार केलं. हल्ला करणारे मुळात नावाहो होते असं पुढे मानलं गेलं. गेलेली माणसं गेली. मग १८७० मध्ये मॉर्मन चर्चचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी ही जागा चर्चच्या कळपासाठी निवडली. मॉर्मन लोक उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देत. रोख पैसा कमी, त्यामुळे हिस्सा गुरांच्या रूपात यायचा. ती गुरं ठेवायला गवत आणि पाणी हवं. इथे दोन्ही होतं.

त्यांनी काय केलं असेल? झऱ्याच्या डोक्यावरच किल्ला बांधला! खरंच. लाल दगडाच्या समोरासमोर दोन दुमजली इमारती, मध्ये बंदिस्त चौक, भिंतींना बंदुकीची भोकं, आणि झरा आत. त्याचं पाणी एका खोलीतून वाहायचं आणि त्या गारव्यात दूध, लोणी, चीज ठेवायचे. हा माल सेंट जॉर्जला, तिथे चर्चचं मंदिर बांधणाऱ्या कामगारांना जायचा. १८७१ च्या डिसेंबरात तिथे तारही आली, ॲरिझोना टेरिटरीतलं पहिलं तार ऑफिस. किल्ला शत्रूपासून बचावासाठी बांधला असं सांगतात आणि ते खरंही आहे. पण चौकात उभं राहिलं की दुसरी गोष्टही कळते. त्या भिंती माणसांइतक्याच पाण्याभोवती घातलेल्या आहेत.

पुढची दहा वर्षं गुरांची संख्या वाढत गेली. १८८० च्या दशकापर्यंत जे गवत बघून लोक भुलले होते तेच संपलं. त्यात दुष्काळ. गवताच्या जागी सेजब्रशची झुडपं आली, जी गुरं खात नाहीत. आणि पायूटांचं काय? जेकब हॅम्ब्लिन हा मॉर्मन मिशनरी त्यांच्यात बरीच वर्षं वावरला होता. त्याने १८८० मध्ये वॉशिंग्टनला पत्र लिहिलं. त्यात त्याने कळवलं की पाणवठे सगळे गोऱ्यांनी घेतलेत, ज्या गवताच्या बियांवर हे लोक जगत ते गवत गुरांनी खाऊन टाकलंय, आणि या लोकांना मदत हवी आहे. म्हणजे बघा, जमीन कुणी त्यांच्याकडून विकतही घेतली नाही की करार करूनही नाही. नुसता झरा घेतला. बाकी सगळं आपोआप झालं.

हे पत्र ज्याला लिहिलं तो माणूसही भारी आहे. जॉन वेस्ली पॉवेल. सिव्हिल वॉरमध्ये एक हात गमावलेला. १८६९ मध्ये होड्या घेऊन कोलोरॅडो नदीतून अख्खा ग्रँड कॅन्यन पार करणाऱ्या मोहिमेचा नेता. आपण त्याला साहसवीर म्हणून ओळखतो, पण माझ्या मते त्याचं खरं धाडस १८७८ चा एक सरकारी रिपोर्ट आहे. कोरड्या प्रदेशातल्या जमिनींबद्दलचा. तेव्हा अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर जमीन मिळायची. नकाशावर पट्टीने चौकोन आखायचे आणि वाटायचे. पूर्वेकडे पाऊस भरपूर, तिथे हे चाललं. पॉवेलने सांगितलं, पश्चिमेकडे नाही चालणार. इथे गुरांवर जगायचं तर एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील, म्हणजे सोळापट! आणि चौकोन आखूच नका. जमिनीच्या हद्दी पाण्याप्रमाणे पाडा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला थोडं तरी पाणी लागेल. नाहीतर एकाला पाणी जाईल आणि दहा जणांना धूळ.

रिक्वायरमेंट इतकी स्वच्छ लिहून दिलेली मी आमच्या प्रोजेक्टमध्ये कधी पाहिली नाही. अर्थातच ती कुणी मंजूर केली नाही. :) चौकोन चालूच राहिले. आणि लोकांनी पॉवेलचं म्हणणं वेगळ्या पद्धतीने खरं करून दाखवलं. ज्या छोट्याशा चौकोनात झरा आहे तेवढाच आपल्या नावावर करायचा. बाकीची हजारो एकर सरकारची म्हणजे सगळ्यांची असली तरी पाण्याशिवाय तिथे चारणार कोण? फुकटात आपलीच.

सरकारलाही हे कळायला वेळ लागला. १९२६ मध्ये आदेश निघाला की मोकळ्या सरकारी जमिनीवरचा प्रत्येक झरा, प्रत्येक पाणवठा आणि त्याच्याभोवतीची पाव मैल जमीन यापुढे राखीव. १९३४ मध्ये टेलर ग्रेझिंग ॲक्ट आला. सरकारी कुरणावर चराईला परमिट लागू झालं. परमिट कुणाला? ज्याच्याकडे 'बेस प्रॉपर्टी' आहे त्याला. नियमात बेस प्रॉपर्टी दोन प्रकारची: चारा पिकवणारी जमीन, किंवा पाणी. नैऋत्येच्या रखरखीत भागात अर्थातच पाणी. म्हणजे जी गोष्ट आधी बळाने चालायची ती आता फॉर्मवर आली. ज्याचा झरा त्याचं परमिट. चराईची फी म्हणाल तर एक गाय आणि वासरू, महिनाभर, २०२४ मध्ये १ डॉलर ३५ सेंट. आपल्या एका कॉफीच्या किमतीत दोन-तीन गाई महिनाभर चरतील! २००५ मध्ये एका निसर्गसंवर्धन संस्थेने दुसऱ्या एका संस्थेबरोबर काइबाबच्या भागातल्या दोन रँचेस विकत घेतल्या. त्यांच्याबरोबर चराईची परमिटं आली ती आठ लाखांहून जास्त एकरांची. त्यातली मालकीची जमीन मात्र त्या मानाने चिमूटभर. जुनाच हिशोब, फक्त या वेळी कागद कुरण वाचवू पाहणाऱ्यांच्या हातात होता.

परत पाइप स्प्रिंगला येऊ. १९०७ मध्ये त्याच्या भोवतालच्या मुलखात काइबाब पायूटांचं रिझर्वेशन झालं. पण ऐन मध्यावरचा झरा खाजगी हातात. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी तो नॅशनल मॉन्युमेंट म्हणून जाहीर केला. आता एका झऱ्याला तीन मालक झाले: पार्क सर्व्हिस, पायूट आणि पिढ्यानपिढ्या तिथे गुरं पाजणारे रँचर. दहा वर्षं कटकट चालली. शेवटी १९३३ मध्ये करार झाला. पाण्याचे सरळ तीन समान हिस्से. एक तृतीयांश पार्कला, एक तृतीयांश पायूटांना, एक तृतीयांश रँचरना.

हे वाचलं आणि मी तिथे त्या बोर्डासमोर थोडा वेळ उभाच राहिलो. कारण नेमका हाच आकडा आमच्या सातबाऱ्यावर आहे.

सांगतो. ७२ च्या दुष्काळानंतर आजोबांनी विहीर खणली. मुलगे तीन, त्यामुळे जमीन वाटली तेव्हा विहीर सामाईक राहिली. इतर हक्कांत नोंद आहे, प्रत्येकी एक तृतीयांश. मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या, चार-चार दिवसांच्या. आमच्या वाट्याचं रान कित्येक वर्षं पडीकच आहे. बाबा साताऱ्यात, मी इथे. थोरल्या काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, गावातच राहतो. त्याच्या आठ गाई आहेत, डेअरीला दूध घालतो, आणि खरं सांगायचं तर गेली कैक वर्षं तिन्ही पाळ्या तोच वापरतो. कुणाची हरकत नाही. यंदा त्याने बाबांना म्हटलं, "नाना, तुमचा विहिरीचा हिस्सा मला लिहून द्या. बदल्यात माळावरची तीन एकर घ्या." बाबांनी फोनवर मला विचारलं होतं, "तुला काय वाटतं? तीन एकर म्हणजे कमी नाही." फ्लॅट घ्यायचा विचार चाललाय हे त्यांना माहीत आहे. जमीन जास्त असली तर पुढेमागे विकता येईल असं त्यांच्या मनात. मी म्हटलं होतं, विचार करून सांगतो.

आता स्ट्रिप बघून आलेला कुणीही सांगेल, माळ घेऊ नका, पाणी सोडू नका. तीन एकर काय, तीस दिली तरी नाही. पॉवेलही हेच म्हणाला असता. पण परतीच्या रस्त्यावर, काइबाबचा घाट उतरताना, मला दुसरी बाजू टोचायला लागली. पाइप स्प्रिंगच्या गोष्टीत कागद कुणाकडे होता आणि पाणी पीत कोण होतं? पायूटांचं जगणं त्या झऱ्यावर होतं, पण कागद नव्हता, म्हणून ते गेले. आमच्या विहिरीवर जगणं दादाचं आहे. कागद आमचा. म्हणजे या गोष्टीत मी कोण? लांब शहरात बसून पाण्याचा हक्क तिजोरीत ठेवणारा? दादाला उद्या बँकेकडून गोठ्यासाठी कर्ज हवं असेल तर त्याला ती नोंद लागणार. त्याचं मागणं चुकीचं नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी त्या करारात कुठेच नव्हती. १९३३ ला पाण्याचे तीन वाटे केले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की पाणी असणारच आहे. १९७० च्या दशकापासून पार्क सर्व्हिस झऱ्याचा प्रवाह मोजत आली आणि तो कमी कमी होत गेलेला दिसला. करार तसाच आहे. एक तृतीयांश अजूनही एक तृतीयांशच आहे. पण कशाचा? अपूर्णांक कधी आटत नाही, झरा आटतो.

आमच्याही सातबाऱ्यावरचा आकडा ७२ नंतर बदललेला नाही. दरम्यान विहिरीच्या आसपास बोअर किती झाल्या ते कुठल्याच उताऱ्यावर नाही.

फिनिक्सला पोचल्यावर बाबांना फोन केला. तिकडे सकाळ होती. म्हटलं, "बाबा, माळ घेऊ नका. बदला-बदली नकोच."

"मग दादाला नाही म्हणू? वाईट वाटेल रे त्याला."

"नाही म्हणू नका. पाणी त्यालाच वापरू द्या, आणि तोंडी नको, लिहून द्या. जोवर तो गुरं पाळतोय तोवर आपली पाळी त्याची. बँकेला दाखवता येईल. फक्त हिस्सा घराचाच राहू दे. आणि त्या कागदात आणखी एक ओळ घाला. विहिरीजवळ नवीन बोअर घ्यायची तर तिघांनी बसून ठरवायचं. आपण, दादा आणि धाकटे काका, कुणीच एकट्याने नाही."

बाबा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझा फ्लॅट?"

"होईल हो सावकाश."

"बरं. आणि अजून काही?"

"हो. विहिरीत पाणी किती आहे ते दर महिन्याला मोजायला सांगा दादाला."

"मोजायचं कशाने?"

"दोरीला दगड बांधून. कठड्यापासून पाण्यापर्यंत किती फूट. तारीख टाकून लिहून ठेवायचं, बस."

"एवढ्यासाठी अमेरिकेला गेलास होय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. :)

दादा कागदावर सही करेल की नाही ते अजून ठरलेलं नाही. त्याला सगळा हिस्सा हवा होता आणि मिळतोय वापर. बाबा पुढच्या आठवड्यात गावी जाऊन बोलणार आहेत. कदाचित रुसेल, कदाचित नाही. पण काल रात्री त्याचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. वहीचं पान, गाईंच्या दुधाचा हिशोब असतो ती वही. पानाच्या वरच्या कोपऱ्यात बॉलपेनने तारीख आणि खाली लिहिलंय, '३१ फूट'.